विश्लेषण : एलपीजी किलोत, पाइप गॅस घनमीटरमध्ये आणि ऑक्सिजन लिटरमध्ये... गॅसची मापे वेगवेगळी का?

घरी येणाऱ्या एलपीजी सिलिंडरवर १४.२ किलो असे वजन लिहिलेले असते. शेजारच्या इमारतीत पाइप गॅस असेल तर तिथल्या बिलावर घनमीटर दिसतात. सीएनजी पंपावर रिक्षाचालक पुन्हा किलोचाच हिशेब करतो आणि रुग्णालयात डॉक्टर मात्र ‘मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन’ असे लिहून देतात. चारही ठिकाणी वायूच आहे, मग मोजमाप वेगवेगळे का?

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. गळती झाली तर गॅस जमिनीलगत साचेल की छताकडे जाईल, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा अर्ध्यावर आला म्हणजे रुग्णाच्या हाती किती तास उरले, एका सिलिंडरच्या बदल्यात किती पाइप गॅस लागेल, या सगळ्यांची उत्तरे एकाच नियमातून निघतात. तो नियम म्हणजे अकरावीच्या रसायनशास्त्रात भेटणारा आणि परीक्षेनंतर विसरला जाणारा ॲव्होगॅड्रोचा नियम.

नियम नेमका काय सांगतो?

तापमान सारखे असेल आणि दाबही सारखा असेल, तर सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूत रेणूंची संख्या सारखीच असते. वायू कोणता, त्याचा रेणू हलका की जड, याने फरक पडत नाही.

उदाहरणार्थ, २० अंश सेल्सिअस तापमान आणि समुद्रसपाटीवर असतो तितका हवेचा दाब असताना २४ लिटरचे पाच फुगे घ्या. एकात हायड्रोजन, दुसऱ्यात मिथेन, तिसऱ्यात ऑक्सिजन, चौथ्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाचव्यात ब्युटेन भरा. पाचही फुग्यांत रेणूंची संख्या जवळपास एकच असेल. आतल्या वायूचे वजन मात्र अनुक्रमे २, १६, ३२, ४४ आणि ५८ ग्रॅम भरेल. म्हणजेच आकारमानावरून संख्या कळते, वजन नाही. वजन हवे असेल तर वायू कोणता हे माहीत असावे लागते.

यात ‘तापमान आणि दाब सारखा असेल तर’ ही अट सर्वात महत्त्वाची. वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला जाताना पिशवीतले वेफर्सचे पाकीट टम्म फुगते, हे अनेकांनी पाहिले असेल. पाकीट सीलबंद असल्याने आतला एकही रेणू वाढलेला नसतो. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने तेवढेच रेणू जास्त जागा व्यापतात. त्यामुळे दाब आणि तापमान न सांगता ‘इतके लिटर गॅस’ म्हणणे हे अर्धवट मोजमाप ठरते.

लहान-मोठ्या रेणूंना सारखीच जागा का लागते?

धान्याच्या बाबतीत असे होत नाही. एका डब्यात जितके साबुदाण्याचे दाणे मावतात तितके राजम्याचे मावत नाहीत, कारण दाणे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. वायूत तसे नसते. आपल्या आजूबाजूच्या हवेत दोन रेणूंमधले सरासरी अंतर रेणूच्या स्वतःच्या आकाराच्या साधारण दहापट असते. हवेने भरलेल्या बाटलीत रेणूंनी प्रत्यक्ष व्यापलेली जागा हजारात एक भाग, इतकीच असते. बाकी सगळी मोकळी जागा. त्यामुळे रेणू थोडा लहान-मोठा असल्याने एकूण आकारमानात फारसा फरक पडत नाही.

मग फुगा फुगलेला कशामुळे राहतो? आतले रेणू सतत धावत असतात आणि भिंतींवर आदळत असतात. त्या धडकांमुळेच दाब निर्माण होतो. तापमान सारखे असले की जड रेणू सावकाश आणि हलके रेणू वेगाने धावतात, पण प्रत्येकाची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते. याचा परिणाम असा, की दाबात प्रत्येक रेणूचा वाटा सरासरीने सारखा राहतो. दाब किती हे मग रेणूंच्या संख्येवर ठरते, त्यांच्या वजनावर नाही.

हा नियम आला कुठून?

फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ लुई गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवले, की वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकी प्रमाणात संयोग पावतात. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन यांपासून दोन भाग वाफ तयार होते. भाग म्हणजे इथे आकारमान.

त्या काळच्या अणुसिद्धान्ताला हे कोडेच होते. अणुसिद्धान्ताचे जनक जॉन डाल्टन यांच्या मते पाणी म्हणजे हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू. सारख्या आकारमानात सारखेच कण असतील, तर ऑक्सिजनच्या एका भागापासून वाफेचे दोन भाग कसे होतील? त्यासाठी ऑक्सिजनचा प्रत्येक कण मधोमध तुटायला हवा आणि अणू तर तुटत नाही.

उत्तर दिले ते इटलीतील ट्युरिनच्या अमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी. त्यांचे मूळ शिक्षण कायद्याचे, विज्ञानाकडे ते नंतर वळले. १८११ मधील निबंधात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, सारख्या परिस्थितीत सारख्या आकारमानात सारखेच रेणू असतात. दोन, ऑक्सिजन किंवा हायड्रोजन या वायूंचा सुटा कण म्हणजे एक अणू नसून जोडी आहे. तुटते ती ही जोडी, अणू नव्हे. कोडे सुटले आणि पाण्यात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असल्याचेही त्यातून निघाले.

मात्र जवळपास ५० वर्षे याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. एकाच प्रकारचे दोन अणू एकमेकांशी जोडले जातात, हे तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांना पटत नव्हते. परिणामी कोण ऑक्सिजनचा अणुभार ८ धरी, तर कोण १६. एकाच पदार्थाची अनेक सूत्रे प्रचलित होती. १८६० च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हा गोंधळ मिटवण्यासाठी युरोपातील रसायनशास्त्रज्ञ जमले. तिथे स्टॅनिस्लाव कॅनिझारो यांनी आपल्या या देशबांधवाचा नियम नेटाने मांडला. ॲव्होगॅड्रो यांचे चार वर्षांपूर्वीच, १८५६ मध्ये निधन झाले होते. त्या परिषदेला तरुण दिमित्री मेंडेलीव्हही हजर होते. अणुभारांचा पाया पक्का झाल्यावर १८६९ मध्ये त्यांनी आवर्तसारणी मांडली.

विशेष म्हणजे ज्या अंकाला ॲव्होगॅड्रोचे नाव आहे, तो त्यांना कधीच माहीत नव्हता. एका मोलमध्ये नेमके किती कण, याचे नाव आणि विश्वासार्ह मोजमाप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ पेराँ यांनी दिले. आज हा अंक ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात असा ठरवून दिलेला आहे आणि २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच त्यावर आधारित आहे.

एलपीजी सिलिंडर आणि ऑक्सिजन सिलिंडर यांत रेणू किती?

नियम प्रत्यक्षात कसा चालतो, हे दोन ओळखीच्या सिलिंडरवरून पाहता येते. घरगुती एलपीजी सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण. प्रोपेनचे रेणुवस्तुमान ४४ आणि ब्युटेनचे ५८. हिशेबासाठी सरासरी ५० धरली तर १४,२०० भागिले ५०, म्हणजे २८४ मोल गॅस. ३० अंश तापमानाला एक मोल वायू साधारण २४.९ लिटर जागा घेतो. त्यामुळे सिलिंडरमधला सगळा गॅस बाहेर आला, तर तो सुमारे ७ घनमीटर भरेल.

रुग्णालयात दिसणाऱ्या मोठ्या ‘डी टाइप’ ऑक्सिजन सिलिंडरमध्येही साधारण ७ घनमीटरच वायू असतो. आकारमान तेच, म्हणजे रेणूंची संख्याही जवळपास तीच. मात्र ऑक्सिजनचे रेणुवस्तुमान ३२ असल्याने त्याचे वजन सव्वानऊ किलोच्या आसपास भरते. रेणू जवळपास तितकेच, पण वजनात पाच किलोंचा फरक.

मग एलपीजी किलोतच का विकतात?

कारण सिलिंडरमध्ये एलपीजी वायू म्हणून नसतोच, तो दाबाखाली द्रवरूपात असतो. द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत थोडी वाफ असते आणि शेगडीकडे तीच जाते. जितकी वाफ वापरली जाते, तितका द्रव पुन्हा उकळून वाफ होतो. त्यामुळे द्रवाचा शेवटचा थर शिल्लक असेपर्यंत आतला दाब प्रामुख्याने तापमानावरच ठरतो. सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, दाबाचा काटा लावला तरी जवळपास तोच आकडा दाखवेल.

म्हणूनच एलपीजी किती उरला हे दाबावरून कळत नाही, वजनावरूनच कळते. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर लिहिलेले असते. वजनकाट्यावरील आकड्यातून ते वजा केले की उरलेला गॅस मिळतो. सिलिंडर घेताना तो वजन करून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे तो त्यासाठीच. ओले फडके फिरवून पातळी पाहण्याची घरगुती युक्तीही याच कारणाने चालते. द्रव असलेला भाग थंड राहतो आणि तिथला ओलावा उशिरा वाळतो.

गळती झाली तर गॅस वर जातो की खाली?

याचे उत्तर ॲव्होगॅड्रोच्या नियमातून सरळ मिळते. सारख्या आकारमानात सारखेच रेणू असल्याने कोणता वायू जड, हे फक्त एका रेणूच्या वजनावर ठरते. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान सुमारे २९ आहे.

एलपीजीचे ५० च्या आसपास, म्हणजे तो हवेच्या सुमारे पावणेदोन पट जड. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, कपाटाच्या तळाशी, मोरीच्या खळग्यात साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचे रेणुवस्तुमान १६, म्हणजे तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा. तो वर चढतो आणि छताखाली जमतो. त्यामुळे एलपीजीसाठी खालच्या बाजूने आणि पाइप गॅससाठी वरच्या बाजूने हवा खेळती असणे महत्त्वाचे. गॅसची गळती ओळखणारे यंत्र बसवतानाही हाच नियम लागू होतो.

धोका किती गॅसने सुरू होतो? हवेत एलपीजीचे प्रमाण आकारमानाने सुमारे दोन टक्के झाले, की ते मिश्रण पेट घेऊ शकते. आठ फूट लांब, सात फूट रुंद आणि नऊ फूट उंच स्वयंपाकघराचे आकारमान सुमारे १४ घनमीटर असते. त्याचे दोन टक्के म्हणजे २८० लिटर वायू. तो सव्वाअकरा मोल, म्हणजे साधारण ५६० ग्रॅम भरतो. भरलेल्या सिलिंडरमधील गॅसचा हा पंचविसावा भाग आहे. हा हिशेब गॅस खोलीभर सारखा पसरला तर, असा आहे. प्रत्यक्षात एलपीजी खाली साचत असल्याने जमिनीलगत हे प्रमाण त्याहून कितीतरी आधी गाठले जाते. मिथेनसाठी ही मर्यादा सुमारे पाच टक्के आहे.

पाइप गॅस घनमीटरमध्ये का मोजतात?

पाइप गॅस घरापर्यंत वायुरूपातच येतो. त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच जास्त असतो. सतत वाहणाऱ्या वायूचे घरोघरी वजन करणे व्यवहार्य नाही, आकारमान मोजणे सोपे असते. स्वयंपाकघराजवळच्या मीटरमध्ये पडद्यांचे कप्पे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, किती वेळा भरले त्यावर आकडा पुढे सरकतो.

मात्र उन्हाळ्यातला आणि थंडीतला एक घनमीटर सारखा नसतो. म्हणून व्यवहारासाठी ‘प्रमाणित घनमीटर’ हे एकक वापरतात. त्याचा अर्थ, १५ अंश सेल्सिअस तापमान आणि एक ॲटमॉस्फिअर दाब असताना जितके रेणू एका घनमीटरमध्ये मावतात तितका गॅस. तोच गॅस ३० अंशांना, दाब तेवढाच असताना, सुमारे पाच टक्के जास्त जागा घेतो. तापमानाचे गुणोत्तर काढताना ते केल्विनमध्ये घ्यायचे असते. म्हणून इथे ३० आणि १५ यांची तुलना होत नाही, ३०३ आणि २८८ यांची होते. मोठ्या औद्योगिक ग्राहकांकडे मीटरसोबत तापमान आणि दाब मोजून आकडा प्रमाणित घनमीटरमध्ये बदलणारे उपकरण जोडलेले असते.

थोडक्यात, घनमीटरच्या नावाखाली रेणूच मोजले जातात, कारण उष्णता आकारमानातून मिळत नाही, रेणू जळल्यावर मिळते.

एक सिलिंडर म्हणजे किती पाइप गॅस?

पाइप गॅस घेतल्यावर अनेक घरांत हा प्रश्न पडतो. प्रोपेन आणि ब्युटेनचा रेणू मोठा असल्याने त्याच्या एका मोलमधून मिथेनच्या एका मोलच्या सुमारे २.८ पट उष्णता मिळते. सिलिंडरमध्ये २८४ मोल एलपीजी आहे. तितक्याच उष्णतेसाठी सुमारे ७९५ मोल मिथेन लागेल. १५ अंशांना एक मोल वायू २३.६ लिटर जागा घेतो. गुणाकार केला की ढोबळमानाने १८ ते १९ प्रमाणित घनमीटर असे उत्तर येते. महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घराचे पाइप गॅसचे बिल पाहताना हा आकडा तुलनेला उपयोगी पडतो.

पाइप गॅस बसवताना शेगडीचे जेट का बदलतात, याचेही उत्तर इथेच आहे. तेवढ्याच आकारमानात उष्णता कमी असल्याने मिथेन जास्त प्रमाणात सोडावा लागतो, त्यासाठी जेटचे छिद्र मोठे असते. जळण्यासाठी लागणारी हवाही वेगळी असते. एक लिटर मिथेनला सुमारे १० लिटर हवा पुरते. एलपीजीला मात्र लिटरमागे २५ लिटरहून अधिक हवा लागते. पाइप गॅसचे जेट असलेल्या शेगडीला एलपीजी जोडला तर गॅस जास्त आणि हवा अपुरी पडते. ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्यामुळे गॅसचा प्रकार बदलताना जेट बदलणे टाळू नये.

सीएनजी वायू असूनही किलोत का?

सीएनजी म्हणजे तोच मिथेन, पण सुमारे २०० बार दाबाला दाबलेला. टाकीचे आकारमान ठरलेले असते. ६० लिटरच्या टाकीत गॅस किती गेला, हे दाब आणि तापमान दोन्हींवर ठरते. भरताना टाकी तापते, त्यामुळे कमी गॅस असतानाच दाब २०० बारवर पोहोचतो आणि पंप थांबतो. गाडी थंड झाल्यावर काटा थोडा उतरलेला दिसतो. गॅस कुठे गेलेला नसतो, तापमान उतरलेले असते. बिल वजनावर होत असल्याने पैसे मात्र जितका गॅस टाकीत गेला तितक्याचेच लागतात.

ॲव्होगॅड्रोच्या नियमाची मर्यादाही इथे दिसते. साध्या हिशेबाने ६० लिटरच्या टाकीत २०० बारला साडेसात ते पावणेआठ किलो गॅस मावायला हवा. प्रत्यक्षात तो नऊ किलोच्या आसपास जातो. इतक्या दाबाला रेणू एकमेकांच्या इतके जवळ येतात, की त्यांच्यातील आकर्षणाचा परिणाम जाणवू लागतो आणि ते साध्या हिशेबापेक्षा दाटीने बसतात. रेणूंमध्ये भरपूर मोकळी जागा असते, तोपर्यंतच हा नियम चोख लागू होतो.

ऑक्सिजन सिलिंडर किती वेळ पुरेल?

सिलिंडरमधला ऑक्सिजन द्रव नसतो, दाबलेला वायू असतो. त्यामुळे एलपीजीच्या अगदी उलट, इथे दाबाचा काटा उरलेला साठा थेट सांगतो. काटा १५० वरून ७५ वर आला, म्हणजे निम्मे रेणू उरले.

हिशेब सोपा आहे. सिलिंडरचे स्वतःचे आकारमान लिटरमध्ये घ्यायचे, त्याला काट्यावरील दाबाने गुणायचे आणि रुग्णाला मिनिटाला जितके लिटर सुरू आहे त्याने भागायचे. उत्तर मिनिटांत येते.

• डी टाइप : आकारमान ४६.७ लिटर. १५० बारला सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १० लिटर दिल्यास ७०० मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांहून थोडा जास्त वेळ.

• बी टाइप : आकारमान १० लिटर. १५० बारला १,५०० लिटर. त्याच वेगाने अडीच तास.

काही काट्यांवर बारऐवजी ‘किलो प्रति चौरस सेंटिमीटर’ असते, ते जवळपास बारइतकेच धरता येते. पीएसआय असेल तर आकड्याला १४.५ ने भागावे. उत्तर शेवटच्या मिनिटापर्यंत ताणायचे नाही. बदली सिलिंडर जोडण्याचा वेळ त्यातून आधीच वजा करायला हवा.

टँकरमधून द्रव ऑक्सिजन का आणतात?

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातून सात रिकामे टँकर कळंबोलीहून रेल्वेने विशाखापट्टणमला पाठवावे लागले. ते द्रव ऑक्सिजन घेऊन परतले. तेव्हा साठ्याचे आकडे टनांत आणि रुग्णांची गरज लिटरमध्ये सांगितली जात होती. या दोहोंना जोडणारा दुवा मोलच.

एक टन ऑक्सिजन म्हणजे १० लाख ग्रॅम. ३२ ने भागले की ३१,२५० मोल. २० अंशांना प्रत्येकी २४ लिटर धरले तर ७५० घनमीटर, म्हणजे सुमारे १०७ डी टाइप सिलिंडर. १५ टनांचा एक टँकर १,६०० सिलिंडरचे काम करतो. याचे कारण उणे १८३ अंशांखाली ऑक्सिजन द्रव होतो आणि रेणूंमधली मोकळी जागा नाहीशी होते. एक लिटर द्रवापासून साध्या तापमानाला सुमारे ८६० लिटर वायू मिळतो.

हीच गोष्ट धोक्याचीही ठरते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. वॉर्डांना होणाऱ्या पुरवठ्याचा दाब घसरला आणि २० हून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. बाहेर पडणारा प्रत्येक लिटर द्रव म्हणजे मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या एका रुग्णाचा जवळपास दीड तासाचा ऑक्सिजन. त्या दिवशी सर्वत्र दिसलेला पांढरा धूर ऑक्सिजनचा नव्हता, तो वायू रंगहीन असतो. अतिथंड वायूमुळे हवेतील बाष्पाचे झालेले ते दाट धुके होते.

२२.४ लिटर की २२.७ लिटर?

विद्यार्थ्यांचा हा नेहमीचा गोंधळ. एक मोल वायू शून्य अंश सेल्सिअसला आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला २२.४ लिटर जागा घेतो. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने प्रमाण दाब एक ॲटमॉस्फिअरऐवजी एक बार असा बदलला. बार किंचित लहान असल्याने आकारमान २२.७ लिटर होते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, अट वेगळी आहे. परीक्षेत प्रश्नात दाब कोणता दिला आहे ते आधी पाहावे. रोजच्या व्यवहारात मात्र २० ते ३० अंशांना २४ ते २५ लिटर हा आकडा वास्तवाच्या जवळचा.

काय लक्षात ठेवावे?

• एलपीजी किती उरला हे वजनावरून ठरवा. ऑक्सिजन सिलिंडर किती उरला हे दाबाच्या काट्यावरून ठरवा. दोन्हींची अदलाबदल करू नका.

• एलपीजीचा वास आला तर शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. दिव्याचे बटण चालू किंवा बंद, काहीही करू नका. उभ्याने वास कमी वाटला तरी जमिनीलगत गॅस साचलेला असू शकतो. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे, तो घराबाहेर जाऊन लावा.

• पाइप गॅसची गळती असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. हा गॅस वर जमतो, त्यामुळे वरच्या झडपा आणि खिडक्या उघड्या असणे गरजेचे.

• एलपीजीवरून पाइप गॅसवर किंवा उलट जाताना शेगडीचे जेट प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्या.

• घरी ऑक्सिजन सुरू असेल तर सिलिंडरचे आकारमान, काट्यावरील दाब आणि मिनिटाला किती लिटर सुरू आहे, हे तीन आकडे कागदावर लिहून सिलिंडरजवळ लावा. त्यावरून किती वेळ उरला, हे घरातील कुणालाही काढता येईल.